सत्तेचाळीसचा राजा

सिडनीच्या दुसऱ्या मोठ्या लॉकडाऊनचा आठवा आठवडा होता. टूनगॅबीतल्या घरात पद्माकर लॅपटॉपसमोरून दर दहा मिनिटांनी उठायचा, खिडकीपाशी जायचा आणि परत बसायचा. बायको वासंती डॉक्टर, ती हॉस्पिटलमध्ये. घरात हा एकटाच.

त्याला मेक्सिकोच्या जुन्या चांदीच्या नाण्यांचा नाद होता. कुआउतेमोक या शेवटच्या अझ्टेक राजाचा चेहरा असलेलं पाच पेसोचं नाणं १९४७ आणि ४८ अशी दोनच वर्षं निघालं. अठ्ठेचाळीसचं त्याच्याकडे होतं. सत्तेचाळीसचं डार्विनच्या कार्मेन नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी ऑनलाइन विकायला काढलं आणि त्याने लगेच घेतलं.

पार्सल सोमवारी आलं. नाणं तळहातावर घेतलं तेव्हा त्याला आत कुठेतरी शांत वाटलं. तासाभरात बाईंचा फोन आला.

"सॉरी, पण ते परत मिळेल का? मी मेक्सिको सोडताना भावाने दिलेलं. परवा तो कोविडने गेला. आणि इथून विमानं नाहीत."

"अजून आलं नाहीये," पद्माकर बोलून गेला.

"नो वरीज. आलं की सांगा."

चार दिवस त्याला काही सुचेना. नाणं ड्रॉवरमध्ये ठेवलं, कपाटात हलवलं, पुन्हा काढलं. मिटिंगमध्ये दोनदा त्याचं नाव पुकारावं लागलं. रात्रीच्या जेवणाला वासंतीने विचारलं, "काय झालंय तुला?" तो म्हणाला, "काही नाही, कंटाळा आलाय."

शुक्रवारी दुपारी त्याने स्वतःच फोन लावला.

"मी खोटं बोललो. सोमवारीच आलं होतं. उद्या सकाळी रजिस्टर करून पाठवतो."

त्याला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"मलाही ते विकताना भावाला सांगायचा धीर झाला नव्हता," बाई म्हणाल्या. "तुमचं कोणी गेलं का, या दिवसांत?"

"आई. मे महिन्यात, पुण्यात. व्हिडिओ कॉलवर पाहिलं सगळं."

"कशी होती?"

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो खुर्चीत बसला आणि सांगू लागला. आईचा तापट स्वभाव, तिचं खणखणीत हसणं, शेवटच्या आठवड्यात तिने केलेले नको तितके फोन. शिफ्ट संपवून वासंती आत आली, दारातच थबकली. त्याने हातानेच तिला बसायची खूण केली. बोलणं मात्र थांबवलं नाही.