पुढील कार्यवाहीसाठी

लंडनच्या बैठकीत लामिसी अटांगाच्या वाट्याला तीन मिनिटं आली, आणि विषय मिळाला ‘माझ्या भागातल्या स्त्रियांची लोककला’.

लामिसी घानाच्या उत्तरेकडच्या तेंगाबिसी भागाची खासदार. त्याआधी बावीस वर्षं तिनं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवडणूक दोनदा हरली. पहिल्या वेळी तर दिरांनीच तिच्याविरुद्ध प्रचार केला. तिसऱ्यांदा, २००४ साली, सायकलवरून गावंच्या गावं पालथी घालून ती निवडून आली. ‘दवाखान्यात सुईण कायम राहील,’ एवढंच एक वचन तिनं लोकांना दिलं होतं. सुईण होतीही. असिबी, तिचीच विद्यार्थिनी. पण वर्षाच्या आत असिबी नोकरी सोडून कार्डिफच्या एका हॉस्पिटलात गेली आणि तिच्या जागी कुणी आलंच नाही. पुढच्या सहा महिन्यांत दोन बायका बाळंतपणात दगावल्या. एकीच्या घरी लामिसी भेटायला गेली, तेव्हा त्या बाईची सासू तिला ‘बस’सुद्धा म्हणाली नाही.

म्हणून २००६च्या ऑक्टोबरात खासदारांचं शिष्टमंडळ इंग्लंडला निघालं, तेव्हा लामिसीनं धडपड करून त्यात जागा मिळवली. आमच्या सुइणी तुमच्याकडे भरती होतात, त्यांच्या मागे राहणाऱ्या गावांचं काय, हा तिचा प्रश्न. निघताना तो कार्यक्रमपत्रिकेत छापलेला होता. लंडनला पोचल्यावर नवी पत्रिका हातात पडली, त्यात तो नव्हता.

“माझा प्रश्न कुठे गेला?” तिनं शिष्टमंडळाचे प्रमुख बोआहेन यांना विचारलं.

“यजमानांना अवघडल्यासारखं होईल हो,” ते म्हणाले. “आणि आमच्यात तुम्ही एकट्याच बाई. लोककलेवर तुम्हीच शोभून दिसाल.”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. बोलायला उभी राहिली तेव्हा लोककला दोन वाक्यांत आटोपून तिनं सुइणींचाच प्रश्न विचारला. अध्यक्षबाई गोड हसल्या. “फारच महत्त्वाचा मुद्दा,” म्हणाल्या, आणि चहाची सुट्टी जाहीर केली. फोटोच्या वेळी मात्र लामिसीचे कपडे रंगीत म्हणून तिला बरोबर मधोमध उभं केलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बाकीचे खासदार खरेदीला गेले. लामिसीनं कार्डिफची ट्रेन पकडली. मोठ्यांनी दाद दिली नाही, निदान असिबीला तरी कान धरून परत न्यावं, असं तिनं वाटेत ठरवून टाकलं.

असिबी श्यामला गायकवाड यांच्या घरी भाड्यानं राहत होती. श्यामलाबाई मूळच्या नागपूरच्या, तीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून आलेल्या, आता असिबीच्याच वॉर्डच्या सिस्टर. त्यांनी पाहुणीपुढे पोह्यांची बशी ठेवली. लामिसीनं ती बाजूला सारली आणि थेट तोंड सोडलं.

“तुला शिकवलं कशासाठी? इथल्या बायकांची बाळंतपणं करायला? तिकडे दोघी मेल्या, ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे, मॅडम. त्यातली एक माझी चुलत बहीण.”

असिबी उठून आत गेली आणि एक पातळ फाइल घेऊन आली. “तोंडात टॉर्च धरून मी बाळंतपणं केली. पाणी अर्ध्या मैलावरून आणलं. हातमोजे धुऊन पुन्हा वापरले. तुम्हाला दहा महिन्यांत सात पत्रं लिहिली. या त्यांच्या प्रती, आणि ही तुमची उत्तरं.”

लामिसीनं एकेक कागद उलटला. सातही उत्तरांत एकच ओळ: ‘पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे.’ खाली तिची सही. तिचीच. सचिवाची नव्हे.

“मी ती पाठवली होती गं,” ती कशीबशी म्हणाली.

“पाठवलीत. पण नंतर पुन्हा विचारलंत का कुणाला?”

लामिसीनं फाइल मिटली. तिला असिबीचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि एवढ्या रागाचं करायचं काय तेच कळेना. समोरच्या भिंतीवर सूट-टायमधल्या एका चष्मेवाल्या माणसाचा फोटो होता. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, “हे तुमचे वडील?”

“तसंच समजा,” श्यामलाबाई म्हणाल्या. “बाबासाहेब आंबेडकर. आमचे कायदेमंत्री होते. बायकांच्या हक्कांचं बिल रखडवलं, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडलं.”

“मी पद सोडलं तर कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही.”

“मग सोडू नका. पण सहीसुद्धा उगाच करू नका कुठे.”

असिबी परत यायला तयार झाली नाही. लामिसीनंही मग आग्रह धरला नाही. फक्त ती फाइल मागून घेतली.

सोमवारी समारोप होता. निवेदन वाचून झालं: चर्चा सौहार्दपूर्ण झाली, लोककलेच्या देवाणघेवाणीवर एकमत झालं. सह्यांसाठी कागद फिरत फिरत लामिसीपुढे आला. तिनं पेन खाली ठेवलं, उभी राहिली आणि असिबीचं तिसरं पत्र मोठ्यानं वाचू लागली. अध्यक्षबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. ती थांबली नाही. पत्रामागोमाग तिनं स्वतःचं उत्तरही वाचलं, स्वतःच्या नावासकट. सही मात्र केली नाही.

“पुढच्या वेळी तुम्हाला तिकीट मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवा,” लिफ्टमध्ये बोआहेन दबक्या आवाजात म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. लंडनच्या इतिवृत्तात तिच्या बोलण्याचा उल्लेख ‘एका सदस्येचे मनोगत’ एवढाच आला. तिनं दुरुस्तीसाठी चार वेळा लिहिलं. चारही वेळा पोच मिळाली, दुरुस्ती झाली नाही. देशात परतल्यावर सुइणीसाठी दर महिन्याला ती आरोग्य खात्याच्या कचेरीत जाऊन बसायची. कारकून तिला लांबून पाहिलं की जेवायला जायचे. २००८ साली पक्षानं तिच्या जागी एका कंत्राटदाराला उभं केलं आणि तो निवडून आला.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं कार्डिफला फोन केला. असिबी ड्युटीला निघायच्या बेतात होती.

“तेंगाबिसीला सुईण आली,” लामिसी म्हणाली. “कालच तिच्या नव्या खोलीचं उद्घाटन झालं. फीत नव्या खासदारानं कापली. दोन वर्षं खेटे मी घातले, आणि भाषणात म्हणतो, हे माझं स्वप्न होतं!”

“तुम्हाला बोलावलं होतं?”

“छे. तरी गेले. मागे उभी राहिले. एका पोरानं खुर्ची आणून दिली, तर ती कुणाची तरी राखीव निघाली.”

पलीकडे असिबीला हसू आवरेना.

“हसू नकोस,” लामिसी म्हणाली. “माझा राग अजून गेलेला नाही.”