भोकं नसलेली पानं

बायको गेली हे कळलं तेव्हा मी कोबीवर औषध मारत होतो. पाठीवरचा पंप अर्धा भरलेला होता. मेहुणी बांधावरून चालत आली. तिनं हाक मारली नाही, की पळत आली नाही. ओळीच्या टोकाला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, पंप उतरवा."

मी म्हटलं, "एवढी ओळ होऊ दे."

"उतरवा म्हणते ना."

तेव्हा कळलं. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात ती बरी वाटत होती. तिनंच मला घरी पाठवलं होतं. कोबीत अळी पडलीय, जा, नाहीतर सगळे गड्डे पोखरून जातील, असं म्हणाली होती. मी पंप बांधावर ठेवला आणि मेहुणीच्या मागं चालू लागलो.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. म्हणाले, यकृत खराब झालं होतं, बऱ्याच दिवसांपासून. दारू प्यायच्या का? नाही. मग काम काय करायच्या? मी तोंड उघडायच्या आत माझी आई म्हणाली, "काम कसलं, घरातलंच. धुणीभांडी."

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांची नजर माझ्या मुलीवर गेली. तिला जवळ घेऊन त्यांनी खालची पापणी ओढून बघितली.

"हिच्या अंगात रक्त नाही. काय खाते ही?"

माझी मुलगी कुणाला बोलू देत नाही. तिचं नाव दुसरंच आहे, पण तोंड मिटत नाही म्हणून घरात आम्ही सगळे तिला साळुंकी म्हणतो. तिची आई गेली त्या दिवशीसुद्धा तिनंच उत्तर दिलं. "पाकिटातलं."

"तेच फक्त?"

"आई आजारी पडल्यापासून. आजीला चूल झेपत नाही आणि बाबांना येत नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "पाकिटं बंद करा. रोज हिरवी पालेभाजी, सगळ्यांनी एकत्र बसून. आता तुमच्यावरच आहे." मी हो म्हटलं. बायकोसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे एक काम हातात मिळालं, ते मी घट्ट धरलं.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आमच्याकडे पिकतं तिथं खात नाहीत. औषध मारलेला माल गाडीत भरून बाजारात जायचा. त्यातलं पानही घरात आणायचं नाही, हा बायकोचा नियम. ती घरामागच्या मुरमाड जागेत थोडी भाजी लावायची आणि भांडी विसळलेलं पाणी घालायची. पानं बोटाएवढी आणि चाळणीसारखी भोकं पडलेली. मी चेष्टा करायचो, "आधी अळ्यांची पंगत, मग आपली."

ती म्हणायची, "अळीनं चाखून बघितलंय. आता आपण खायला हरकत नाही."

ती आजारी पडल्यावर ती जागा वाळून गेली. मी विचार केला, घरासाठी भाजी लावायचीच तर चांगल्या जमिनीत लावू. मुरमात कशाला?

पहिलं भांडण आईशी झालं. मी फडताळातली पाकिटं काढून पोत्यात भरत होतो. ती दारात बसून बघत होती.

"माझी बिस्किटं पण?"

"तुझी पण."

"दात नाहीत मला. चहात बुडवून खाते तेवढंच सुख. आता गवत चावू का?"

"शिजवून देईन. मऊ करून."

"तू शिजवणार? उभ्या जन्मात भांडं उचललं नाहीस. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!"

साळुंकी मध्ये पडली. "आजी, बाबा शिकतील. काल भात फक्त खालून जळला."

"आणि वरून?"

"वरून कच्चा होता. मधला चांगला होता."

दुकानदारालाही सांगून आलो, माझ्या पोरीला काही देऊ नको. तो हसला. म्हणाला, "सगळ्या गावानं तुझ्यासारखं केलं तर मला कोबीच विकायला बसावं लागेल." मी हसलो नाही.

विहिरीच्या पलीकडं, उताराला, खड्ड्यासारखा एक खोलगट तुकडा कायम पडीक होता. माती काळी. उन्हाळ्यातसुद्धा ओल. चारी बाजूंनी काटेरी फांद्यांचं दाट कुंपण, आणि आत काही नाही. ते कुंपण बायकोनं घातलेलं होतं. दरवर्षी नवे काटे आणून भरायची. मी एकदा विचारलं होतं, रिकाम्या जागेला कुंपण कशाला? ती म्हणाली होती, "राहू दे. तिथं काही लावू नका." शेळ्या शिरतात म्हणून असेल, असं मी समजलो. बाईमाणसाला एखादी जागा स्वतःची लागते, असंही वाटलं.

आता मला ती जागा आयतीच वाटली. कुंपण तयार, ओल तयार. तिनंच माझ्यासाठी राखून ठेवली होती असं मनात आलं. एका बाजूचे काटे काढून मी आत गेलो आणि खणायला लागलो. माती हातात भुसभुशीत आली. एक गांडूळ निघालं नाही. मुंगीही दिसली नाही. मी म्हटलं, बरंच झालं, कीड नाही.

कोंबड्या माझ्या मागं मागं असतात. कुठंही कुदळ मारली की किडे टिपायला धावतात. त्या दिवशी काट्यांपर्यंत आल्या, उभ्या राहिल्या आणि मागं फिरल्या.

भाजी अशी आली की बघत राहावं. तळहाताएवढी पानं, काळपट हिरवी. पाणी घालायची गरजच पडेना. एका पानाला भोक नाही. शेजारचा गवंडी कुंपणावरून बघून म्हणाला, "औषध कुठलं मारतोस रे याच्यावर?"

"काहीच नाही. घरची आहे."

"मग मंत्र मारतोस काय?"

मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू.

जेवायला आम्ही तिघं एकत्र बसायला लागलो. नियम केला, ताटातली भाजी संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. माझा हात हळूहळू बसला होता. साळुंकी सुरुवातीला घासाघासाला सौदा करायची.

"एवढं खाल्लं तर गोष्ट?"

"सगळं खाल्लं तर गोष्ट."

"आईची?"

"आईची."

मग ती डोळे मिटून गिळायची. आईची गोष्ट म्हणजे काय, ती कशी शेळीच्या मागं ओढ्यात पडली, तिनं मला पहिल्यांदा कसं झापलं, असलंच काहीतरी. पण त्या गोष्टींसाठी पोरगी ताट चाटूनपुसून साफ करायची. मला वाटायचं, जमलं. बाकी काही नाही, पण एवढं जमलं.

आई मात्र माझी पाठ फिरली की भाजी खिडकीतून बाहेर टाकायची, नाहीतर नातीच्या ताटात सरकवायची. "वाढतं वय आहे तिचं, खाऊ दे," म्हणायची. एके दिवशी खिडकीखाली एक कोंबडी मेलेली सापडली. चोच उघडी, पाय ताठ. आई म्हणाली, रोग आला असेल. मी पुरून टाकली. माझंही डोकं त्या दिवसांत सारखं दुखायचं, पोटात ढवळायचं. बायको गेलेल्या माणसाचं डोकं दुखायचंच, असं मी धरून चाललो होतो.

एकदा भाजी निवडताना साळुंकी एक पान उजेडात धरून बसली.

"बाबा, आपल्या भाजीला भोकं का नाहीत?"

"चांगली आहे म्हणून."

"मग आईची वाईट होती?"

"वाईट नव्हती गं. जमीन हलकी होती."

"मग अळ्यांना ही का आवडत नाही?"

मी म्हटलं, "बडबड कमी कर आणि देठं काढ." तिनं देठं काढली.

कोबीत पुन्हा अळी पडली. सकाळी मी औषध मारलं आणि विहिरीजवळच्या दगडावर पंप धुतला. तो दगड बायकोचा. आमच्याकडे, आणि आमच्याकडेच कशाला, सगळ्या गावात पुरुष फवारतात आणि बायका पंप धुतात. पुरुष दमून आलेला असतो. पंप दारात टाकून आंघोळीला जातो. इतकी वर्षं तिनं धुतला. ती गेल्यावर मीही त्याच दगडावर धुवायला लागलो. दगडाच्या कडेला एक खाच आहे, पाणी तिच्यातून खाली जातं. कुठं जातं ते वाकून कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेल्या ओळी फवारल्या आणि पंप न धुता गोठ्यात टांगला. दुपारी जेवणं झाली आणि थोड्या वेळानं साळुंकी पोट धरून खाली बसली. कपाळावर घाम, तोंडातून लाळ. बोलायला गेली तर शब्द लडबडले. ज्या पोरीचं तोंड मिटत नाही, तिला बोलता येईना.

माझं डोकं फिरलं. मी तिचं दप्तर उलटं केलं. तळाला पाकीट निघालं, रिकामं.

"हे काय आहे? कुणी दिलं? सांगितलं होतं ना मी! या असल्या खाण्यापायी—"

"मैत्रिणीनं... एकच..." ती ओकली. सगळं हिरवं.

आई ओरडली, "अरे, रागावतोस काय तिला! लाळ बघ तिची!"

त्याच वेळी मेहुणी दारात आली. अधूनमधून भाचीला बघायला यायची. पिशवी तिथंच टाकून तिनं पोरीला मांडीवर घेतलं.

"काय खाल्लंय हिनं?"

"पाकिटं खाते चोरून. नाहीतर घरचीच भाजी असते. मी स्वतः लावलेली. विहिरीकडची."

मेहुणीनं वर बघितलं. "विहिरीकडची म्हणजे?"

"त्या काट्यांच्या आतली."

तिच्या तोंडावरचा रंग गेला. "भाऊजी," ती म्हणाली, "गाडी आणा. आत्ता. काही विचारू नका."

गवंड्याच्या टेम्पोत आम्ही दवाखान्याकडे निघालो. पोरगी माझ्या अंगावर, मेहुणी शेजारी. ती रस्त्याकडे बघत बोलत होती.

"मी होते तेव्हा ताईच्या मदतीला. पंपाचं पाणी विहिरीत मुरायला नको म्हणून तिनं दगडापासून चर खणला. कोंबड्यांनी पिऊ नये म्हणून वरून फरशा टाकल्या, माती लोटली. सगळं पाणी त्या खड्ड्यात नेलं. तिथं कुणी जाऊ नये म्हणून काटे लावले."

"मला कधी बोलली नाही."

"बोलली होती. तिथं काही लावू नका म्हणून."

"का ते नाही सांगितलं."

"तुम्ही विचारलं होतं?"

मी पोरीची लाळ पुसत राहिलो.

दवाखान्यात तेच डॉक्टर. पोरीच्या डोळ्यात बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. "काय खाल्लं?"

आई म्हणाली, "पाकीट, दुसरं काय!"

"नाही," मी म्हटलं. "भाजी. किडीच्या औषधाचा पंप धुतलेल्या पाण्यावरची. मीच रोज खायला घातली." आणि औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टर नर्सला हाक मारून आत पळाले.

पोरगी वाचली. घरी आली आहे. आवाज बारीक झाला होता, आता परत बडबड सुरू आहे. यकृताला कितपत लागलंय ते डॉक्टर आताच सांगत नाहीत. रक्त तपासत राहायचं आहे. निघताना त्यांनी मला थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्या मिसेस तो पंप हातमोजे घालून धुवायच्या का?"

मी म्हटलं, "नाही." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

घरी आल्यावर मी फरशा उचलून बघितल्या. चर सरळ होता, उतार बरोबर धरलेला. कुठं पाणी साचणार नाही असा. मी बाजारात असताना तिनं आणि धाकट्या बहिणीनं मिळून एवढं खणलं, आणि मला पत्ता नाही.

फरशा जशाच्या तशा ठेवल्या. भाजी मुळासकट उपटून पोत्यात भरली. शेळ्यांना घालता येत नाही, जाळली तर धूर घरात येतो, ओढ्यात टाकली तर खालची गुरं पाणी पितात. काटे परत लावले. ते पोतं काट्यांच्या आतच ठेवलं आहे.

घरामागच्या मुरमात मेहुणीनं बी टाकून दिलं. चार पानं आली आहेत. साळुंकी रोज सकाळी जाऊन बघते. परवा पळत आली. "बाबा, भोक पडलं! अळी आली!" आई खाटेवरून म्हणाली, "अळीला आवडलं, आता मला चावायला लावा." एकत्र बसायचा नियम अजून आहे. आईला बिस्किटं परत दिली आहेत, चहात बुडवायला.

शेतात कोबी उभा आहे आणि त्यात अळी पडली आहे. गवंडी म्हणतो, या आठवड्यात औषध मारलं नाही तर हातचं जाईल. पंप गोठ्यात खुंटीला टांगलेला आहे. त्याच्या तळाला त्या सकाळचं औषधाचं पाणी अजून आहे, हलवलं की वाजतं. खड्ड्यात सोडलं तर ती माती आणखी खराब होते, आणि विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. दुसरी जागा मला माहीत नाही. गावात विचारलं, तर पुरुषांनी खांदे उडवले आणि बायका पदराला हात पुसत आत गेल्या.

पंप धुवायचा राहिला आहे.