मी जड नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. कोपरखैरण्यातल्या एका वह्या-पेनांच्या दुकानावर गुंडाळून बसतो. मला सगळे शटर म्हणतात. स्वभावाने मी जरा कडकड्याच. वर जाताना सगळी गल्ली जागी करतो.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुधीरभाऊंनी मला बनवून घेतलं. दुकान उघडायचं ते मालकाच्याच हाताने, असा त्यांचा नेम. रोज सकाळी उंबऱ्याला नमस्कार करायचे आणि एका झटक्यात मला वर ढकलायचे. काय तो हात होता! "भाऊंचं शटर वाजलं, चला, दूध चढवा," शेजारचा चहावाला म्हणायचा. माझी छाती फुगायची.

भाऊंनी पन्नाशी ओलांडली आणि त्यांचं जेवण कमी झालं. शर्ट अंगावर लोंबू लागला. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय भाऊ, जिम लावलंत की काय? एकदम स्लिम!" भाऊ खूश व्हायचे. पण त्यांची पकड सैल होत चालली होती, ते मला कळत होतं. मला अर्ध्यावर आणून ते थांबायचे, धापा टाकायचे.

"शटर जाम झालंय," ते घरी म्हणाले.

त्यांचा मुलगा ऋषी वाशीला नोकरीला. "पप्पा, टेन्शन नका घेऊ," म्हणाला आणि फोन करून त्याने मिस्त्री पाठवला. पोरगा गुणी हो! मला तेल पाजलं, माझी स्प्रिंग बदलली. मी अगदी सहज फिरू लागलो, तरी भाऊंना जडच. मग भाऊंच्या पत्नी अरुणावहिनी आणखी तेल घेऊन आल्या. अरे, माझ्या नावाने कसले खडे फोडताय? त्यांना डॉक्टरकडे न्या ना! मी जीव तोडून कडकडत होतो. ऐकतंय कोण?

मागच्या थंडीत घरात सगळ्यांना साधा ताप आला. बाकीचे उठले. भाऊ उठले नाहीत. "अंगात ताकदच उरली नव्हती हो," डॉक्टर म्हणाले.

तेरावं झाल्यावर ऋषी दुकान उघडायला आला. त्याने मला पहिल्यांदाच हात लावला. पाय रोवून, दात आवळून जोर लावला. मी सरकन वर गेलो आणि त्याचा तोलच गेला.

"हे तर हलकं आहे," तो पुटपुटला. मग उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. मला त्याच्याकडे बघवेना.

मित्रांनो, घरातलं कुणी म्हणालं, झाकण घट्ट बसलंय, पिशवी जड आहे, जिना फार उंच आहे, तर झाकणाला, पिशवीला बोल लावू नका. आधी त्यांचा हात हातात घेऊन बघा. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.