पेटीतलं ऊन

नेव्हिल ट्रेव्हास्किसला पक्षाघाताचा झटका आला तो एप्रिलच्या अखेरीस, स्वयंपाकघरात सरड्यांसाठी भोपळा किसताना. किसणी हातातून सुटली, पाठोपाठ तोही खाली कोसळला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा अगदीच गेली असं नाही, एक शब्द तेवढा मागे राहिला. मंगळवार. पाणी हवं असलं तरी मंगळवार, पाठ अवघडली तरी मंगळवार, राग आला तर दात ओठ खाऊन मंगळवार.

"यांना सगळं कळतं बरं का," वाचा शिकवायला येणारी बाई त्याच्या बायकोला, आयलीनला म्हणाली. "आत सगळं जागेवर आहे. बाहेर पडायला मात्र तेवढी एकच फट उरली आहे."

"आधीही तो फार गोड बोलायचा असं नाही," आयलीन म्हणाली. ती बाई हसली. आयलीन हसली नाही.

मे महिन्यात त्याला घरी आणलं तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमध्ये थंडी पडायला लागली होती. त्याची मुलगी कॅरिन जिलाँगहून आली आणि तिने बापाचा पलंग मागच्या काचेच्या पडवीत लावायचं ठरवलं. चाकांच्या खुर्चीचा उतार तिकडेच होता, न्हाणीघर शेजारी, आणि मुख्य म्हणजे पेटी तिकडे होती.

"दिवसभर तुमचे लाडके समोर, डॅड," कॅरिन म्हणाली. "आणखी काय हवं?"

पेटी म्हणजे नेव्हिलच्या आयुष्याचं सार्थक. अकरा फूट लांब, तीन फूट खोल, भिंतभर पसरलेली, पुढे सरकत्या काचा. आठ महिने खपून त्याने ती स्वतः बांधली होती. एवढी मोठी पेटी ऊबदार ठेवणं सोपं नसतं. ऊब एका टोकाला दिली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत विरून जाते. नेव्हिलने लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये चंदेरी कागद आणि फोम भरला, हवेची भोकं मोजून पाडली, डाव्या टोकाला काळ्या पाटीच्या दगडावर दोन दिवे सोडले, छताला चिनीमातीचे दोन हीटर बसवले, आणि हे सगळं एका थर्मोस्टॅटला जोडलं. त्या थर्मोस्टॅटची बारीक वायर मागच्या फळीवर चिकटवलेली, तिच्या टोकाला तापमान टिपणारा वाटाण्याएवढा मणी. पाटीवर चाळीस, उजव्या टोकाला पंचवीस. वर्षानुवर्षं काटा हलला नाही.

सरड्यांच्या क्लबमधला लेस्ली एकदा म्हणाला होता, "नेव्ह, प्रत्येक दिव्याला वेगळा थर्मोस्टॅट लाव. एवढं सगळं एकट्या मण्यावर सोडू नये."

"तू जन्मभर पोस्टात शिक्के मारलेस, लेस्ली," नेव्हिल म्हणाला होता. "वायरिंग मला शिकवू नकोस."

पेटीत दोन दाढीवाले सरडे होते. ब्रिगेडियर हा नर, हातभर लांब, दाढी काळी करून काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर धावून जाणारा. आणि डॉली, वाळूच्या रंगाची, शांत. नेव्हिल संध्याकाळी तिला छातीवर घेऊन बसायचा. ती त्याच्या स्वेटरमध्ये नखं रुतवून डोळे मिटायची. तिच्या हनुवटीखालच्या काट्यांच्या ओळी त्याला पाठ होत्या.

घराचं तापमान मात्र सोळाच्या वर जायचं नाही. घराच्या हीटरचं बटण त्याने एका छोट्या डब्यात बंद केलं होतं आणि त्याची किल्ली त्याच्या कमरेला असायची. "माणसाला स्वेटर घालता येतो," तो म्हणायचा. "सरड्याला येत नाही." आयलीनची बोटं थंडीत मेणबत्तीसारखी पांढरी पडत. कधी ती जाता जाता पेटीच्या काचेला तळवे टेकवून उभी राहायची, की हा आतून ओरडायचा, "ठसे उमटतात! किती वेळा सांगायचं?" मग तो ओलं फडकं घेऊन तिच्या देखत काच पुसायचा.

असं बत्तीस वर्षं चाललं, आणि आयलीनने चालवून घेतलं.

नेव्हिल घरी आल्यानंतरही तिने कशात कसूर केली नाही. वेळेवर कुशीवर वळवायची, दाढी करायची, चमच्याने भरवायची. सरड्यांना रातकिडे घालायची, पाला निवडायची, पेटी झाडायची. नेव्हिल पडल्या पडल्या तिच्यावर नजर ठेवून असायचा, आणि पाण्याची वाटी जरा इकडची तिकडे झाली की खेकसायचा, "मंगळवार!"

मग जूनच्या मध्यावर मिलान आला.

मिलान वीजतंत्री, पन्नाशीचा, बडबड्या. पलंगाची मोटर आणि हवेची गादी यांच्यासाठी पडवीत वेगळं सॉकेट हवं होतं. त्याने भिंतीवरचं फ्यूजचं कपाट उघडलं आणि शीळ घातली.

"काम कुणी केलंय हे?"

"त्यानेच," आयलीनने पलंगाकडे मान हलवली.

"उस्ताद माणूस! एवढी जाड वायर घरात कुणी टाकत नाही."

"पण लोड झेपेल ना?" आयलीनने विचारलं. "म्हणजे, पेटी, पलंग... आधी मागच्या खोलीत साधा हीटर लावायचा म्हटलं तरी झेपत नव्हता."

"कुणी सांगितलं?" मिलान हसला. "बाई, या लाइनवर तुम्ही चार हीटर लावा आणि वर केक भाजा. काही होत नाही. पहिल्यापासून अशीच आहे ही, काल बदललेली नाही."

मिलान काम करत राहिला, बोलत राहिला. नेव्हिलने डोळे मिटून घेतले. आयलीन आता कुठे बघत असेल हे त्याला न बघता कळत होतं.

मागच्या खोलीत सहा वर्षांपूर्वी ग्वेंडा राहायला होती. ग्वेंडा म्हणजे आयलीनची थोरली बहीण. पोटाचा कॅन्सर हाताबाहेर गेला होता, नवरा नाही, मूल नाही, म्हणून आयलीनने तिला आणलं. भर जुलै. खिडकीच्या काचा आतून ओल्या होत. ग्वेंडा लोकरीची टोपी, हातमोजे, दोन गोधड्या घेऊन पडलेली असायची आणि तरी तिचे दात वाजायचे. "एक हीटर लाव ना रे नेव्हिल, एवढासा," ती म्हणायची. नेव्हिल दारात उभा राहून सांगायचा, "लोड झेपत नाही, ग्वेंडा. दोन्ही चाललं तर सगळं घर अंधारात जाईल. सरडे मरतील." आयलीन रात्रभर गरम पाण्याच्या पिशव्या बदलत बसायची. सात आठवड्यांनी ग्वेंडाला हॉस्पिसमध्ये हलवलं, तिथे ती चौथ्या दिवशी गेली.

मिलान गेल्यावर आयलीन पलंगाजवळ आली. नेव्हिलला वाटलं, आता ही रडेल, किंचाळेल. तिने फक्त त्याचं पांघरूण सारखं केलं. मग ती आत गेली, आणि हीटरच्या बटणाचा तो छोटा डबा पेचकसाने फोडल्याचा आवाज आला.

त्यानंतर चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. कामं सगळी केली, पण मुकाट.

पाचव्या दिवशी सकाळी ती पेटी झाडायला आली. बाहेर हिरवळीवर हिव अजून पांढरं होतं. तिने पाटीचा दगड बाहेर काढला, पुसला, परत ठेवला. तो ठेवताना तिचं कोपर मागच्या वायरीत अडकलं. वायर सुटली, मणी घरंगळत पुढे आला आणि काचेच्या फटीतून बाहेर लोंबकळू लागला. आयलीनचं लक्ष नव्हतं. तिने काच सरकवली आणि बादली घेऊन निघून गेली.

नेव्हिलने ते पाहिलं. मणी आता पडवीच्या थंड हवेत लटकत होता. थर्मोस्टॅटला वाटणार, पेटी गारठली. तो सगळे दिवे, सगळे हीटर पूर्ण जोरात पेटवणार, आणि बंद करणार नाही.

काचेवर तापमानाचे दोन आकडे दिसत होते. बेचाळीस, सव्वीस. थोड्या वेळाने सत्तेचाळीस, एकतीस. डॉली पाटीवरून उतरली आणि उजवीकडे चालू लागली.

"मंगळवार!" नेव्हिल ओरडला. "मंगळवार! मंगळवार!"

आयलीन सावकाश आली. हातात त्याचा चहा होता, ठसका लागू नये म्हणून घट्ट करून आणलेला.

"काय रे? बेडपॅन?"

त्याने डाव्या हाताने दाखवलं. बोट सरळ वायरीकडे होतं. आयलीनने बोटाच्या रोखाने पाहिलं. पेला पलंगाशेजारी ठेवून ती वाकली, मणी उचलला, बोटांत धरला. थर्मोस्टॅटवरचा आकडा वाचला. अकरा. मग काचेवरच्या दोन आकड्यांकडे पाहिलं. एकावन्न, छत्तीस. तिला कळलं. तिला कळल्याचं नेव्हिलला स्पष्ट दिसलं आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला.

आयलीनने मणी हळूच सोडून दिला. तो पुन्हा लोंबकळू लागला.

"लोड तर झेपतोय की," ती म्हणाली.

तिने खुर्ची ओढली आणि पेटीसमोर बसली. अंगात कोट होता. थोड्या वेळाने तिने हातमोजे काढले आणि दोन्ही तळवे काचेला टेकवले.

"मंगळवार," नेव्हिल म्हणाला. या वेळी हळू, अजिजीने.

"तिने कितीदा विचारलं तुला? मी मोजलं नाही. तू मोजलं असशील, तुला आकड्यांची आवड."

दोन्ही सरडे आता उजव्या टोकाला होते. तोंडं वासलेली, अंगाचा रंग फिका पडत चाललेला. हवेच्या भोकांपाशी थोडी तरी गार हवा होती. ब्रिगेडियरने डॉलीला रेटून ती जागा घेतली आणि काचेवर नखं घासू लागला. डॉली पाण्याच्या वाटीत जाऊन बसली. वाटी लहान होती. उजव्या टोकाचा आकडा शेहेचाळीस. अठ्ठेचाळीस.

नेव्हिलने चहाचा पेला उचलून भिंतीवरच्या, पेटीच्या बटणाच्या दिशेने फेकला. तो बटणापासून दोन हात लांब आदळला. मग त्याने पलंगाच्या कठड्यावरून स्वतःला लोटायचा प्रयत्न केला, पण जिवंत अर्ध्या अंगाने मेलेलं अर्धं अंग ओढवेना. तो कठड्याला तोंड टेकून पडून राहिला. तिथून त्याला डॉली समोरासमोर दिसत होती. तिचं उघडं तोंड पिवळं होतं, आत जीभ कोरडी. तिने एक पाय वाटीबाहेर टाकला. मग मान वाटीच्या काठावर ठेवली. नंतर ती हललीच नाही.

आयलीन खाडकन उठली. एवढ्या लवकर होईल असं बहुधा तिलाही वाटलं नव्हतं. तिने बटण बंद केलं, काचा दोन्ही बाजूंना सरकवल्या, ब्रिगेडियरला उचलून न्हाणीघरात नेलं. नळाचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा ओल्या टॉवेलात गुंडाळलेला ब्रिगेडियर धापा टाकत होता. तिने डॉलीला वाटीतून उचललं, उलटं सुलटं करून पाहिलं.

"हिचा काही दोष नव्हता," ती पुटपुटली. मग नेव्हिलकडे वळली आणि तिचा आवाज पुन्हा सपाट झाला. "ग्वेंडाचाही नव्हता."

कॅरिन गुरुवारी आली. आयलीनने सांगितलं, झाडताना वायर सुटली, लक्षात आलं नाही. कॅरिनने आईला मिठी मारली. "मम, तू एकटी किती किती बघणार? चूक होतेच."

नेव्हिलने कॅरिनची बाही घट्ट पकडली. आयलीनकडे बोट दाखवलं, पेटीकडे दाखवलं, पुन्हा आयलीनकडे. "मंगळवार! मंगळवार! मंगळवार!" त्याच्या तोंडातून लाळ गळत होती.

कॅरिनचे डोळे भरून आले. तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "आज गुरुवार आहे, डॅड," ती म्हणाली.

ब्रिगेडियरला लेस्ली घेऊन गेला. क्लबच्या दोघांनी पेटीचे तीन तुकडे करून ती बाहेर काढली, कारण अखंड ती दारातून निघेना. भिंतीवर अकरा फुटांचा फिकट पट्टा उरला. घरात आता बावीस डिग्री असायचं, आयलीन अर्ध्या बाहीच्या कपड्यांत वावरायची. पडवीला तीन बाजूंनी काच, तिथे काही ऊब टिकायची नाही. नेव्हिलच्या अंगावर तीन पांघरुणं असत, नीट खोचलेली. नाक मात्र उघडंच राही. आठवड्याला येणारी नर्स म्हणायची, "किती निगुतीने करता हो तुम्ही!"

ऑगस्टमध्ये त्याची छाती भरली. त्यानंतर कॅरिनने त्याला शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे सगळीकडे सारखंच गरम असायचं, म्हातारी माणसं खुर्च्यांत पेंगत असायची. आयलीन दर रविवारी यायची, कस्टर्ड घेऊन.

अशाच एका रविवारी तिने त्याच्या गळ्याशी रुमाल खोचला, चमचा भरला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "नेव्ह, ग्वेंडाची आठवण येते का रे कधी?"

नेव्हिलने खरंच आठवून पाहिलं. लोकरीची टोपी आठवली, निळी होती की हिरवी ते आठवेना. चेहरा काही केल्या समोर येईना. त्या जागी यायची ती वाळूच्या रंगाची मान, पाण्याच्या वाटीच्या काठावर ठेवलेली, हनुवटीखाली काट्यांच्या ओळी, एकूण एक. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं.

शेजारून जाणारी परिचारिका थांबली. "अगंबाई, किती हळवे आहेत! कुणाची आठवण काढलीत?"

"माझ्या बहिणीची," आयलीन म्हणाली.

परिचारिका गेली. आयलीन नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. हे अश्रू कुणासाठी आहेत ते तिला ठाऊक होतं. रुमालाच्या कोपऱ्याने तिने ते टिपले, कस्टर्ड ढवळलं.

"आ कर," ती म्हणाली.

त्याने आ केला.