बोटीखालचा पाहुणा

मी एक बार्नॅकल बोलतोय. बोटीच्या तळाला, धक्क्याच्या खांबांना नखाएवढे पांढरे, खडबडीत सुळके चिकटलेले तुम्ही पाहिले असतील. अनवाणी पायाला लागले असतील, तर आम्हाला चार शब्द सुनावलेही असतील. दिसायला मी दगड, पण आत जीव आहे. माणसं एखाद्या जागी पाय रोवतात, आम्ही डोकं रोवतो आणि वर राहिलेल्या पायांनी जेवतो. हसायचं असेल तर हसून घ्या.

लहानपणी मी असा नव्हतो. टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि अख्खा समुद्र माझा होता. लाट नेईल तिकडे जायचं, मिळेल ते खायचं, अंगाला कपडे आखूड झाले की कात टाकायची. ते दिवस आठवले की अजून जीव गलबलतो. मग एके दिवशी भूकच मेली आणि एकच ध्यास लागला, की आता घर शोधायचं. आमच्यात घर एकदाच निवडतात, मग मरेपर्यंत हलणं नाही. एक दगड फार गुळगुळीत निघाला, एक खांब कडवट लागला. माझ्या अंगातली शक्ती संपत आली होती. तेवढ्यात या बोटीच्या तळाशी ओळखीचा वास आला. तो आमच्या थोरल्यांचा होता. जिथे ते जगले तिथे आपणही जगू, एवढंच आम्हाला कळतं. मी डोकं टेकलं, ते आजतागायत.

तेव्हा इथे मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळे दाटीवाटीनं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. भरती आली की हजारो पाय एकदम बाहेर यायचे. मला ती गर्दी फार आवडायची.

बोट होती मिस्त्रींची. दिवसभर ते लोकांच्या बोटी दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःची ही छोटी बोट घेऊन मासे धरायला जायचे. वर्षातून एकदा ती पाण्याबाहेर लाकडी ठोकळ्यांवर चढायची. मिस्त्री तिच्याखाली उताणे पडून लोखंडी पट्टीनं आम्हाला खरवडायचे. पहिल्या वर्षी माझे सगळे सोबती करकरत खाली पडले. पट्टी माझ्यापाशी आली आणि थांबली.

"तू राहा," मिस्त्री म्हणाले. "बोटीला एक पाहुणा ठेवावा. सगळे हाकलले की समुद्र रुसतो."

ही त्यांच्या उस्तादांची रीत. चाळीस वर्षांत मिस्त्रींनी एकही बोट पूर्ण मोकळी करून पाण्यात सोडली नव्हती. बोटीच्या तळाचा कणा संपतो तिथे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, ते एकाला ठेवायचेच.

खरवडून झालं की रंग. तो रंग जहाल होता, आम्हाला मारण्यासाठीच बनवलेला. पण मिस्त्रींच्या हातांची सालंही त्यानंच निघाली होती. रात्री जेवताना घास धरवत नसे, असं त्यांची लेक सांगायची. या लेकीनं समुद्रातल्या जिवांचा अभ्यास केला, तो या हातांपायी. तिनं एका शेवाळातून असा अर्क काढला, की आमची पिल्लं मरत नाहीत, फक्त त्यांना तिथे डोकं टेकावंसं वाटत नाही. तो तिनं साध्या रंगात कालवला आणि त्याच वर्षी बाबांच्या बोटीची डावी बाजू मागून घेतली. उजव्या बाजूला तुलनेसाठी नुसता साधा रंग.

मी डाव्या बाजूला होतो.

रंग द्यायच्या आधी मिस्त्रींनी माझ्यावर मेणाचा गोळा थापला आणि रंग वाळल्यावर हळूच काढून घेतला. लेक तेव्हा घरी डबा आणायला गेली होती. त्यांनी तिला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे हो. आपण श्वास घेतो, हे कोणी मुद्दाम सांगतं का?

मी पाण्यात गेलो आणि एकटेपणानं कासावीस झालो. आम्हाला तोंडानं हाक मारता येत नाही. आमचा वास हीच आमची हाक. आसपासच्या पिल्लांना ती पोहोचली. आधी माझ्याभोवतीच्या बिनरंगाच्या कडेवर दोनचार बसली, मग त्यांच्या आधारानं, त्यांच्या अंगावर आणखी. वर्षाअखेर माझ्याभोवती ताटाएवढा पुंजका झाला. मी सुखात होतो.

बोट वर आली तेव्हा लेकीनं ते मोजले. दोनशे सत्तर. पुंजका बघून तिचा चेहरा उतरला. तिनं अर्क दुप्पट केला. दुसऱ्या वर्षी तीनशे दहा. दोन्ही वेळा मिस्त्रींनी पुंजका खरवडला, मला ठेवलं आणि मेण लावलं. तिच्या प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, यंदा शेवटचं, नाहीतर हे काम बंद. त्या दिवशी ती बोटीखाली बसून रडली. मिस्त्री सालं निघालेल्या हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला तेव्हा काही कळलं नव्हतं. कळलं असतं तरी मी काय करणार होतो?

काल, लेकीच्या रंगानंतर तिसऱ्यांदा, बोट वर आली. लेक जुने फोटो आणि भिंग घेऊन तळाशी आडवी झाली. तिनं एकेक फोटो पुंजक्याशी ताडून पाहिला.

"बाबा, तिन्ही वर्षं पुंजका एकाच जागी आहे. आणि मधला हा बघा. याच्याखाली रंगच नाही."

"तो होय? तो जुना. मीच ठेवलाय."

"तुम्ही ठेवलाय?"

मिस्त्रींनी रीत सांगितली. लेक कपाळाला हात लावून हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. "अहो, हाच बोलावतो सगळ्यांना. याच वासावर माझा अर्धा अभ्यास झालाय. आणि इथे दिव्याखाली अंधार."

मिस्त्री खाली बसले. "म्हणजे तुझ्या कामात खोडा मीच घातला."

"औषध नापास नव्हतं बाबा. याच्यापासून हातभर लांब बघा, एकही नाही."

त्यांनी हात फिरवून पाहिलं. तळ खरंच लख्ख होता. मग हळूच म्हणाले, "आमच्या उस्तादांनी सोडलेल्या बोटी दर वर्षी यांनीच भरून परत खरवडायला यायच्या. म्हातारा पक्का होता. काम कधी कमी पडलं नाही."

दोघंही हसले. पण साहेबांना पटवायला आणखी एक वर्ष मागून घ्यावं लागणार, आणि त्यासाठी बोट पूर्ण मोकळी हवी.

म्हणून आज मिस्त्री पट्टी घेऊन माझ्यासमोर आहेत. मघाशी लेक म्हणाली, "द्या, मी काढते." ते म्हणाले, "नको. ठेवला मी, काढीनही मीच." पट्टी माझ्या बुडाला टेकली आहे. इतक्या जणांना खरवडणारा हात, आज अडला.

मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मला तीन वर्षं जास्तीची दिलीत. फक्त एक ऐका. मी निघालो तरी माझा वास या फळीत राहील आणि पुढच्या भरतीला एखादं पिल्लू त्याच भरवशावर येईल. घासा. पाण्यानं नाही, वाळूनं घासा, लाकूड नवं दिसेपर्यंत घासा. मी इथे होतो, हे कोणालाही कळता कामा नये.