गेटच्या डोळ्याला कुंकू

सुकदेव नाना एसटीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर धुळ्यात देवपूरला घर बांधलं, तेव्हा गेटही त्यांनी समोर उभं राहून करवून घेतलं. रुळावर सरकणारं, अंगाने धिप्पाड. चोर आला तर गेट ढकलतानाच दमेल बिचारा, असं ते आल्यागेल्याला सांगत. चोर काही कधी आला नाही. दमायची पाळी घरच्यांवरच आली.

त्यांची मुलगी दिपमाला कुबड्यांवर चालते. लहानपणीच्या आजारात पाय अधू झाले, ते तसेच राहिले. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागल्यावर तिने मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली आणि सगळं धुळं पालथं घातलं. अडायची ती फक्त स्वतःच्या दारात. दोन्ही हात कुबड्यांवर, मग ते धूड ढकलायचं कशाने? हॉर्न वाजवायचा, की नाना नाहीतर आई लगबगीने यायची. शेजाऱ्यांनी नाही म्हटलं नसतं, पण घरात शिरायलाही रोज दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, हे तिला नको होतं.

त्यामुळे आईबाप जोडीने म्हणून गाव सोडत नसत. श्रावणात शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावी भाऊबंदांची कानबाई देवी बसे. घराण्याची थोरली पाती नानांची, म्हणून पूजेला पाटावर बसायचा मान त्यांचा. पण पाटावर बसायचं ते जोडीने. नाना एकटेच जात, म्हणून धाकटा भाऊ रुपचंद आणि त्याची बायको बसत. दिपमालाची आई प्रमिलाबाई इकडे देवापुढे दिवा लावून कानबाईची गाणी गुणगुणत. तक्रार त्यांनी कधी केली नाही, पण गाता गाता मध्येच गाणं तुटायचं आणि ते दिपमालाला बाहेरच्या खोलीत कळायचं. आपल्यापायी आईचा पाट गेला, हे तिच्या मनाला फार लागायचं.

यंदा तिने पदर खोचला. आपोआप उघडणाऱ्या गेटचं यंत्र बाजारात मिळतं, पण दुकानदाराने भाव सांगितला तेव्हा नाना हातातला चहा अर्धा टाकून उठले. मग बापलेकीने ठरवलं की यंत्र घरीच करायचं. भंगारातून जीपच्या वायपरची मोटर आली. गेटच्या लांबीभर सायकलची चेन ताणून बसवली आणि मोटरीला दातेरी चाक लावलं. विजेचा भरवसा नाही म्हणून सगळं बॅटरीवर. वायरिंग दिपमालाचं, लोखंडकाम नानांचं, आणि भांडण दोघांचं मिळून.

पहिल्या दिवशी मोटर नुसती गुरगुरली आणि जळका वास सुटला. नाना म्हणाले, मोठी मोटर आण. दिपमाला म्हणाली, गेट हलकं करा. आता नानांच्या गेटचा पत्रा काढायचा म्हणजे नानांची मिशी उतरवायची. ते तरातरा आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच पाना घेऊन बसले, मागचा जाड पत्रा उतरवला आणि खाली बेअरिंगची नवी चाकं घातली. गेट मग बोटाने सरकायला लागलं. नानांची अट एकच होती. गेट लागताना मध्ये कुत्र्याचं पिल्लू जरी आलं, तरी ते थांबून मागे गेलं पाहिजे. त्यासाठी खांबाला खाली, मध्ये काही आलं की ओळखणारा, एक छोटा काचेचा डोळा बसवला. आत लाल ठिपका चमकायचा.

कानबाईच्या आदल्या दिवशी सकाळी रिक्षा दारात आली. दिपमालाने रिमोट दाबला, गेट उघडलं, पिशव्या चढल्या. नाना मात्र रिक्षाजवळ घुटमळत उभे होते.

"मशीनना भरोसा नही, माय," ते म्हणाले. "काही अडनं तं फोन कर. आम्ही लगेच परत येतस."

प्रमिलाबाई काहीतरी विसरल्यासारख्या मागे फिरल्या, गेटजवळ क्षणभर वाकल्या आणि घाईने रिक्षात बसल्या. रिक्षा वळली. दिपमालाने स्कूटर रस्त्यावर काढली आणि रिमोट दाबला. गेट हातभर पुढे आलं, थांबलं आणि मागे गेलं. तिने पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

घर सताड उघडं, ऑफिसची वेळ झालेली, आणि नाना अजून बसस्टँडलाही पोचले नसतील. समोरच्या कमलबाई बाहेर आल्या. त्यांनी गेट ढकलून पाहिलं, पण चेनमध्ये अडकलेलं गेट कसलं हलतंय. नानांना फोन लावते, म्हणत त्यांनी मोबाइल काढला.

"फोन नको, अक्का," दिपमाला म्हणाली. "आज ते परत फिरनात, तं पुन्हा कधी घर सोडाव नहीत."

ती स्कूटरवरून उतरली आणि कुबड्या टेकत गेटच्या कडेने गेली. चेन ताठ होती. रुळात चिखल नव्हता. मग तिच्या लक्षात आलं की गेट बिघडलेलंच नाही. मध्ये काहीतरी आहे असं त्याला वाटतंय, म्हणून ते शहाण्यासारखं मागे जातंय. डोळा होता खांबाच्या तळाशी. तिला वाकता येईना, तेव्हा ती ऑफिसच्या कपड्यांनिशी सरळ जमिनीवर बसली.

डोळ्यावर ओलं कुंकू थापलेलं होतं. त्यावर चिकटलेल्या दोन अक्षता आणि काठाला थोडी हळद.

दिपमालाला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. आई यंत्राच्या पाया पडून गेली होती. माझ्या लेकीला सांभाळ, एवढंच म्हणाली असणार. आणि देवाचं तोंड शोधायला ती कुठे जाणार? चमकणारा डोळा दिसला, लावलं कुंकू. दिपमालाने ते बोटावर घेतलं, आपल्या कपाळाला लावलं आणि ओढणीच्या टोकाने काच पुसली. कमलबाईंनी हात दिला, तो धरून ती उठली. रिमोट दाबला. गेट सरकत आलं आणि खांबाला अलगद टेकलं. ऑफिसला उशीर झाला, पण त्या दिवशी तिला कुणाच्या बोलण्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आम्ही पाटावर बसलो, त्यांनी सांगितलं. मागे बायका गात होत्या. गेट नीट लागतंय ना, असं मग त्यांनी विचारलं. एकदम नीट, दिपमाला म्हणाली.

कानबाईचं विसर्जन करून दोघं परतले. दिपमाला ओट्यावर खुर्चीत बसली होती. नाना रिक्षातून उतरले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने दोन्ही हात पुढे करून गेटला भिडले. तेवढ्यात गेट त्यांच्या हाताखालून आपलं आपण सरकू लागलं. नाना तसेच हात पुढे धरून उभे राहिले. मग त्यांनी वर पाहिलं, तर ओट्यावर रिमोट घेऊन लेक बसलेली.

"या, नाना," ती म्हणाली. "आज मी दार उघडस."

नाना उपरण्याने तोंड पुसत आत आले. प्रमिलाबाई मात्र गेटपाशीच थांबल्या. देवीच्या कुंकवाची पुडी सोडून त्या पुन्हा खाली वाकू लागल्या.

"आई, डोयाले नको," दिपमाला हसून म्हणाली. "पेटीले लाव."

प्रमिलाबाई वाकल्या तशाच थबकल्या. एकदा त्या डोळ्याकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. कसनुसं हसत त्यांनी मोटरीच्या पेटीला कुंकू लावलं. बोटाला उरलेलं कुंकू घेऊन ओट्यावर आल्या आणि ते त्यांनी लेकीच्या कपाळाला टेकवलं.

मागे गेट आपलं आपण लागलं.