बोलायची परीक्षा

सलाइनच्या नळीतला थेंब सुटता सुटता थांबला होता... अमरीन त्याच्याकडे बघत उभी राहिली. कालही असंच — नागपूरला, जर्मनच्या तोंडी परीक्षेत, समोरच्या बाईंनी एवढंच विचारलं होतं, घरी कोण कोण असतं? डोक्यात अब्बा, अम्मी, धाकटा भाऊ कैफ सगळे हजर. पण कुणाला कुठली विभक्ती, क्रियापद कुठे बसवायचं, हे जुळवेपर्यंत बाई पुढच्या प्रश्नावर गेल्याही होत्या. वर्गात व्याकरणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जर्मनीतल्या दवाखान्याची नोकरी तोंडाशी आली आणि तोंडच उघडलं नाही.

"काऊन वं, काय झालं पेपराचं?" सोबतच्या हर्षा सिस्टरने विचारलं.

"लिहाचा निघाला. बोलाचा गेला."

"तुले बोलता नाई आलं? तू तं बुधरीबाईसंग दिवसभर गोंडी बोलून राह्यते!"

खरंच होतं ते. गडचिरोलीच्या या वॉर्डात गोंडी तिला कुणी शिकवली नव्हती. पेशंट बायकांच्या तोंडून एकेक शब्द उचलत गेली... कुठे दुखतं, जेवलीस का, ऊठ, झोप. चुकलं की बायका हसायच्या, तीही हसायची. मग काल काय धाड भरली होती मला? आग लागो त्या व्याकरणाला!

बुधरीबाईने तिचा हात धरून खाली ओढलं. पोटाचं ऑपरेशन झालेली म्हातारी, एरवी दोन शब्दांत आटोपणारी, आज भराभर बोलत सुटली होती. अमरीनला मर्री कळलं, म्हणजे मुलगा. जंगल कळलं, रस्ता कळला. मुलगा न्यायला येतोय वाटतं, म्हणून ती नेहमीसारखी हसली, मान डोलावून म्हणाली, "चांगलं, चांगलं!"

म्हातारीने हात सोडला. भिंतीकडे कूस वळवली.

मुलगा येणार होता, की येऊन गेला होता, की... शब्द तर सगळे ओळखीचे होते. त्यांना एकमेकांशी बांधणारं जे असतं ते शिकावं, असं या भाषेच्या बाबतीत तिला कधी वाटलंच नव्हतं — कामापुरती येते ना, झालं! तिकडच्या अनोळखी माणसांसाठी जीव आटवला, आणि इथल्या बाईसाठी एवढंही नाही. नापास होण्यापेक्षा हे जास्त लागलं.

ती खाटेच्या कडेला टेकली. पुन्हा सांगा, एवढंच म्हणायचं होतं. गोंडीतले दोन-तीन शब्द जिभेवर आले. पण बरोबर आहेत का ते? आधी कुठला?... गोंडी बोलताना चुकायची भीती तिला आज पहिल्यांदाच वाटत होती, आणि बुधरीबाईची पाठ तशीच तिच्यासमोर होती.